वापरून पाहिलेल्याची वही

लालबाग,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास,
कमलताईचे अनेक आशीर्वाद.

आईच्या गुडघ्याचं कसं आहे? तुमच्या वडाळ्याच्या इमारतीला लिफ्ट आहे ना? मी बरी आहे. वैभवही बरा आहे. त्याचं वजन वाढलंय आणि त्याचं खापर तो आईच्या, म्हणजे माझ्या, स्वयंपाकावर फोडतो.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच ड्रॉवरमध्ये टाकशील, ही भीती आहेच. फोन केले, तू उचलले नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तक्रार करत नाही, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून हे पत्र राजेशच्या हाती देतेय. लॅबमधून कवळ्या आणणारा आपला राजेश. त्याला बजावलंय, ती पाकीट उघडेपर्यंत तिच्या मेडिकलच्या दुकानाच्या काउंटरवरून हलायचं नाही. तेव्हा उघड बाई, नाहीतर आज कुठलेतरी आजोबा कवळीवाचून वरणभात चिवडत बसतील.

आपला दवाखाना आहे तिथंच आहे, ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर, दोन खुर्च्या आणि तो करकरणारा पंखा. विजयकर सर गेल्या महिन्यात पासष्टचे झाले. भूल दिल्यावर पेशंटला अजून क्रिकेटच्या गोष्टी सांगतात, कारण तेव्हा कुणाला मध्ये बोलता येत नाही. नवीन मुलगी आलीय, रुचा. चुणचुणीत आहे. तुझ्यासारखंच हातमोजे काढताना हिचंही एक बोट उलटं राहतं.

पेशंटही तसेच. परवा एक काका आले, बँकेतून रिटायर झालेले. सरांनी त्यांना वीस मिनिटं समजावलं की हळू घासा, मऊ ब्रश घ्या, तुम्ही दात घासता की परात घासता? काकांनी मान डोलावली, बाहेर आले, काउंटरवर वाकले आणि हळूच मला म्हणाले, "ते झालं हो डॉक्टरांचं. तुम्ही स्वतः काय वापरता, ते सांगा."

हा प्रश्न तू किती वेळा ऐकला असशील! डॉक्टरांना मोठ्या डिग्र्या असतात, म्हणून लोक दात त्यांच्या हवाली करतात. पण पेस्ट कुठली, ब्रश कुठला, हे मात्र आपल्यालाच विचारतात. त्यांना वाटतं, ही आपल्यातली बाई आहे, ही खरं सांगेल.

एक गोष्ट मात्र तुला ओळखू येणार नाही. काउंटरमागची फळी रिकामी आहे. एकही ट्यूब नाही, ब्रश नाही, काही नाही. रुचाने तिथं मनीप्लांट ठेवू का विचारलं, तर सर म्हणाले, नको, ती रिकामीच दिसू दे.

आता भाजीला जायचंय, नाहीतर ऊन चढेल. उरलेलं नंतर लिहिते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भाजी रविवारीच आली. पत्र मात्र दोन दिवस फ्रिजवर पडलं होतं. वैभव म्हणाला, "आई, कोणाला लिहितेस एवढं? निबंध स्पर्धा आहे काय?"

मी फळीपाशी येऊन थांबले होते.

त्या फळीचा नियम मीच तुला पहिल्या दिवशी शिकवला. कंपनीची माणसं येतील, गोड बोलतील, नमुने देतील. फळीवर त्यातलं काही थेट चढायचं नाही. आधी आपण दोघींनी महिनाभर स्वतः वापरायचं, काय वाटलं ते त्या शंभरपानी वहीत लिहायचं, सही करायची, मग सर वाचतील आणि मग ती वस्तू फळीवर. सरांच्या वडिलांपासूनची पद्धत. लोक त्या फळीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे तो त्या दोन सह्यांमुळे.

आकांक्षा, बावीस वर्षांत मी त्या वहीत एकतीस वेळा पहिली सही केली. त्यातली एकही वस्तू मी वापरलेली नव्हती.

मी मिश्री लावते. लावत होते. लग्नाच्या आधीपासून. चाळीत आई तव्यावर तंबाखू भाजायची, पूर्ण मजल्याला वास सुटायचा, आणि मी सात-आठ वर्षांची असेन तेव्हा माझा दात दुखला म्हणून तिनंच बोटावर घेऊन लावली. "जरा दाबून धर गो, बरा वाटात." बरं वाटलं. ते जे बरं वाटलं ते पन्नास वर्षं सुटलं नाही. सकाळी एकदा, दुपारी डबा खाल्ल्यावर मोरीत एकदा, घरी आल्यावर एकदा. कंपन्यांच्या ट्यूबा शेजारणीला जायच्या.

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं नोकरी, आणि सरांनी माझं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. "माझे दात तुमच्यापेक्षा घट्ट आहेत, सर," असं हसून सांगायची आणि पुढचा पेशंट आत सोडायची. मास्क माझ्या तोंडावर कोविडच्याही आधीपासून. तू एकदा म्हणालीस, "ताई, लवंगा जरा जास्तच खाता तुम्ही." किती घाबरले होते मी त्या दिवशी!

आता ते काळं मंजन. तुझ्यापुढे त्याचं नाव काढायला हात जड होतोय, पण काढते.

डबी सुंदर होती, कोळशाचं मंजन, सात दिवसांत शुभ्र दात म्हणे. तू नियमाने वापरायला लागलीस. आठव्या दिवशी, हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हपाशी येऊन मला म्हणालीस, "ताई, माझ्या दातांना गार पाणी लागतंय. मंजनाचे कण लागतात हिरडीला. तुम्हाला लागतात का?"

आणि मी म्हणाले, "मला काही नाही झालं. तुझेच दात नाजूक आहेत. आजकालच्या मुलींचं सगळंच नाजूक."

माझ्या तोंडाला ते मंजन लागलंही नव्हतं. डबी माझ्या पिशवीत सीलबंद होती. वापरलंच नाही म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग ताई तुम्ही काय वापरता? तो एक प्रश्न टाळण्यासाठी मी तुझ्या दातांना खोटं ठरवलं. तू वहीत माझं वाचलंस, "महिनाभर वापरले, त्रास नाही, कमल," आणि त्याखाली लिहिलंस, "चांगले आहे," आणि सही केलीस. वयाच्या तेविसाव्या वर्षी तू माझ्यासारख्या बाईवर विश्वास ठेवलास, यात तुझं काय चुकलं?

मग प्रभादेवीच्या वासंतीबाई. शाळेतल्या निवृत्त बाई, त्यामुळे सांगितलेलं सगळं मन लावून करणाऱ्या. चार महिने दिवसातून दोनदा ते मंजन घासलं त्यांनी. हिरड्या वर सरकल्या, मुळं उघडी पडली, साधं ताक पिता येईना. सरांनी वही मागवली. तुला विचारलं, तुला काहीच जाणवलं नव्हतं? आणि तू, वेडी पोर, खरं सांगितलंस. "आठव्या दिवशी जाणवलं होतं, सर."

"मग सही का केलीस?"

तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मी नळ सोडला आणि ट्रे धुवायला घेतला. ट्रे स्वच्छ होता.

तू म्हणालीस, "चुकलं, सर." माझं नाव तू घेतलं नाहीस. सर आवाज न चढवता बोलले, ते जास्त लागतं हे मला ठाऊक आहे: "त्रास होऊनही चांगलं लिहिणारं माणूस मला इथं कसं चालेल?" सोमवारी तू आली नाहीस. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते, तुझ्या घरच्या तिळाच्या वड्या अजून डब्यात होत्या. सरांनी मला विचारलं, तिचा फोन आला का? मी म्हणाले, नाही. मी तुला फोन केलाच नव्हता. पहिला फोन केला तो एक वर्षानं, आणि तेव्हाही, तू उचललास तर काय बोलायचं हे ठरलं नव्हतं.

राजेश तुझ्या दुकानात येऊन गेला, त्यानं सांगितलं, "ताई, पोरगी मेडिकलमध्ये आहे, पण कोणी पेस्ट कुठली घेऊ विचारलं ना, तर म्हणते, मला नाय कळत त्यातलं, डॉक्टरला विचारा." मी त्या दिवशी जेवले नाही. आपल्या दवाखान्यात तोंडात ब्रश घालून "ताई, याचे केस आडवे पडतात" असं सांगणारी मुलगी तू. तुला नाही कळत?

तरी मी बोलले नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, दुसऱ्याला 'आ करा' सांगायला पुढे, स्वतःचं तोंड मात्र मिटलेलं.

नोव्हेंबरात रुचा एक नवा ब्रश घेऊन माझ्याकडे आली. त्याच जागी, ऑटोक्लेव्हपाशी. "ताई, हा हिरडीला टोचतो. तुम्हाला टोचतो का?" खरं सांगते, उत्तर माझ्या ओठावर तयार होतं, तेच, जसंच्या तसं. मास्कच्या आत मी ते उच्चारायला सुरुवातही केली. आणि तिच्याकडे बघता बघता मला तू दिसलीस.

मी म्हणाले, "मला विचारू नकोस. मी वापरलेला नाही. तुला टोचतो ना, मग टोचतो असं लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, मी जाऊन खुर्चीत बसले. सर म्हणाले, काय झालं, पंखा पुसतेस का? मी मास्क काढला आणि तोंड उघडलं. बावीस वर्षं मी तो दिवा लोकांच्या तोंडावर धरला होता, तो डोळ्यांवर इतका येतो हे मला माहीत नव्हतं.

सरांनी खूप वेळ पाहिलं. आरसा फिरवला. खालच्या ओठाच्या आत, जिथं मी चिमूट धरायची, तिथं पांढरा चट्टा होता. मला तो महिनाभर जिभेला लागत होता. "किती वर्षं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्याच खुर्चीत, तोंडात कापूस असताना, वहीचं सांगितलं. तुझं सांगितलं. कापसामुळे शब्द नीट येईनात, तर त्यांनी कापूस काढला आणि म्हणाले, "पुन्हा सांग. सगळं."

रागावले नाहीत. खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ती तुझ्याकडे बघत होती, ते मी पाहिलं होतं कमल. मी विचारायला हवं होतं." आकांक्षा, ते त्यांनी मला बोलून दाखवलं, पण ते खरं तुला सांगायचं होतं, म्हणून इथं लिहिते.

चट्ट्याचा तुकडा परळच्या हॉस्पिटलात तपासला. वाईट काही निघालं नाही. मिश्री सोडली तर जाईल म्हणाले, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आज मिश्री सुटून चौऱ्याऐंशी दिवस झाले. पहिले पंधरा दिवस घरात मी कुणाला सरळ उत्तर दिलं नाही, वैभवला विचार. आता साधी पेस्ट आणि मऊ ब्रश. खरं सांगू? गार पाणी मला इतकं लागतं की डोळ्यांत पाणी येतं. हिरड्या इतकी वर्षं बधिर होत्या, त्या आता जाग्या होतायत.

मी एकतीस सह्यांवर रेघ मारली. लाल पेनाने, सरांसमोर. फळी त्याच दिवशी रिकामी केली. तुझ्या त्या ओळीखाली सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, "आकांक्षाला आठव्या दिवशी त्रास जाणवला होता. तिचे बरोबर होते." त्या पानाचा फोटो काढून सोबत ठेवलाय.

वासंतीबाईंकडे मी गेले होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, "माझ्या हिरड्या आता काही परत यायच्या नाहीत. पण त्या मुलीला मी भर दवाखान्यात बेजबाबदार म्हटलं. ते मला परत घ्यायचंय. तिचा पत्ता द्या." मी दिला नाही, आधी तुला विचारते. देऊ?

सर म्हणतात, तुझी जागा तुझीच आहे, रुचाला दुसरी खुर्ची सांभाळायला घेऊ. ये किंवा येऊ नकोस, माझ्यासाठी तर मुळीच येऊ नकोस. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी दुपारची पाळी घेईन, तू सकाळची घे. माफी मागते. ती देण्याची तुला काही घाई नाही.

पाकिटात एक ब्रश आणि एक पेस्ट आहे. महिनाभर मी वापरलीय, वहीत लिहिलंय, पेस्ट बरी, ब्रश मागच्या दाढेला पोचत नाही. बावीस वर्षांतली ती माझी पहिली खरी ओळ. खालची ओळ रिकामी आहे. तुला वाटलं तर वापर, आणि तुला जे जाणवेल ते लिहून राजेशकडे पाठव. माझ्यापेक्षा वेगळं असलं तर वेगळंच लिही.

आणि दुकानात कुणी विचारलं, कुठली पेस्ट घेऊ, तर सांगत जा गं. तुझे दात नाजूक नव्हते. त्या आठव्या दिवशी आपल्या दवाखान्यात खरं बोलणारी तू एकटीच होतीस.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, आणि ते आलं नाही तरी का आलं नाही हे जाणणारी,

कमल