गुडघे टेकता येतील असा पांढरा झगा

मुलुंड पूर्व,
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

प्रिय राधाआक्का,

धाकट्या भावाचा सविनय जयभीम. भाऊजींनाही सांग, आणि बांधावरून शेजाऱ्याशी धरलेला अबोला आता सोडा म्हणावं, लग्नाला यायला त्याचीच जीप लागणार आहे. तुझा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढून आल्यावर तू आधी घरातली जळमटं पाहिलीस आणि मग सुनेला हाक मारलीस असं कळलं, तेव्हा डॉक्टरचा हात चांगला होता याची खात्री पटली. थेंब वेळेवर घालत जा. आता तुला स्वतःला वाचता येतं म्हणूनच हे पत्र लिहायचं धाडस करतोय. (नातवाला वाचायला देऊ नकोस, तो पेपरही गल्लीला ऐकू जाईल असा वाचतो.) फोन का नाही केला म्हणशील, तर आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो. फोन कानाला लावून बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो असं मालनचं मत आहे, आणि तिची मतं बदलायची माझी उमर राहिली नाही.

तर विषय चेतनाच्या लग्नातल्या कपड्यांचा. आपल्याकडे यात विषय असतो हेच मला माहीत नव्हतं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्रिशरण, पंचशील, हार, जेवण. तुझं तसंच झालं, माझं तसंच झालं. मालननं लग्न ठरताच दादरला जाऊन निळ्या काठाची पांढरी साडी आणली आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली. मी समजलो, काम फत्ते. पण एका संध्याकाळी चेतना ऑफिसातून आली, पाय न धुता खुर्चीत बसली आणि म्हणाली की ती पांढरंच घालणार आहे, त्याबद्दल वाद नाही, मात्र साडी नाही, गाऊन. म्हणजे झगा. ख्रिश्चन मुली लग्नात घालतात तसा, जमिनीपर्यंत. मालन उठून स्वयंपाकघरात गेली. आक्का, तुला तुझी भावजय ठाऊक आहे. ती बोलते तेव्हा घरात शांतता असते आणि ती गप्प बसते तेव्हा भांडी वाजतात. दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात बँडपथक मुक्कामाला आल्यासारखं वाटत होतं. शेवटी मीच मध्ये पडलो (पडायला नको होतं) आणि नुसतं बघून येऊ, बघायला काय जातं, असं म्हणालो. हे वाक्य बोलून मी यापूर्वी एक फ्रिज आणि एक होणारा जावई, म्हणजे सम्यक, घरात आणलेला आहे.

दुकान वांद्र्याला. दुकान म्हणायचं नाही, स्टुडिओ म्हणायचं. बाहेर पाटी एवढी बारीक की गिऱ्हाइकानं येऊ नये अशीच त्यांची इच्छा असावी. आत चपला काढायच्या, मऊ सोफ्यावर बसायचं आणि कोणी साखरेविना कॉफी आणून दिली तर ती आवडल्यासारखी प्यायची. दुकानाची मालकीण कल्पिता नावाची, चेतनापेक्षा दोनचार वर्षांनी मोठी, गळ्यात टेप, केसांत पेन्सिल. तिनं आल्या आल्या विचारलं की सिल्हूट कोणतं ठरवलंय. मला वाटलं हे कापडाचं नाव आहे, म्हणून मी म्हणालो, सुती असेल तर बरं. चेतनानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुढचा काही वेळ मी फक्त कॉफी पीत राहिलो.

सिल्हूट म्हणजे बाहेरचा आकार. कल्पितानं कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवला तेव्हा मला लगेच उमगलं, कारण मी आयुष्यभर व्हॉल्व्हच्या कारखान्यात ड्रॉइंगच तपासली आहेत. तुला सांगतो, चार प्रकार असतात. एक ए-लाइन, म्हणजे नरसाळं उपडं धरावं तसा, वर निमुळता आणि खाली पसरत गेलेला. दुसरा बॉल गाऊन, कमरेपर्यंत माणूस आणि तिथून खाली कोंबड्या झाकायचं डालगं. तिसरा सरळसोट, उशीच्या अभ्र्यासारखा. आणि चौथा जलपरी. हा गुडघ्यापर्यंत अंगाला चिकटून येतो आणि तिथून खाली माशाच्या शेपटीसारखा फुलतो. कोणता कोणाला शोभेल हे बांध्यावर ठरतं म्हणे. कल्पितानं मापं घेतली आणि चेतनाचा बांधा ‘पेअर’ आहे असं कौतुकानं सांगितलं. मला वाटलं, जोडीबिडीबद्दल बोलतेय, म्हणून मी म्हणालो, हो, सम्यक आणि ती शोभतात एकमेकांना. पेअर म्हणजे नासपती हे कळल्यावर मात्र मालननं दोन दिवसांचं मौन सोडलं आणि कल्पिताला शांतपणे सांगितलं की आमची मुलगी आहे, भाजीबाजार नाही.

चेतनाचं मन आधीच जलपरीवर गेलेलं. ती पडद्यामागे गेली, आत बराच वेळ हुकांची खटपट चालली, आणि ती बाहेर आली. आक्का, आता इथे थट्टा नाही. मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते माहीत नाही, साहेब आल्यावर राहायचो तसा राहिलो. पोरगी अशी दिसत होती की हिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय हे कोणाला पटलं नसतं. मालननं पदर तोंडाला लावला. मी मनात म्हटलं, झालं, साडी हरली. तेवढ्यात मालननं पदर खाली घेतला आणि विचारलं, “ह्यात वंदना कशी घेणार?”

कोणालाच हे सुचलं नव्हतं. मालननं स्वतःची ओढणी (प्रवासाला ती ड्रेसच घालते, मघाशी पदर लिहिला तो ओढणीचाच) दुकानाच्या चकचकीत फरशीवर अंथरली आणि म्हणाली, टेक गुडघे. चेतनानं हात जोडले आणि खाली जायला लागली. पण जलपरीला गुडघे नसतात, आक्का. अर्ध्यात आल्यावर ती थांबली, जरा डावीकडे कलली आणि सावकाश, एखादं कपाट कलंडावं तशी आडवी झाली. शिवण कुठेतरी टर्र करून बोलली. मी एका बाजूनं हात धरला, कल्पितानं दुसऱ्या, पण उभं राहायला पाय पुढे टाकावा लागतो आणि तो टाकायची सोय त्या झग्यात नव्हती. शेवटी तिला गुंडाळलेल्या सतरंजीसारखं उचलून उभं केलं. चेतना हसत होती. हसता हसताच तिला रडू कधी आलं ते आम्हाला कळलं नाही.

मालन म्हणाली, जाऊ दे, म्हणूनच सांगत होते, साडी बरी. त्यावर चेतना जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. “आई, लहानपणी शाळेतून येताना चर्चपाशी नवरी गाडीतून उतरायची. मी थांबायचे आणि तू हात ओढायचीस. ते आपलं नाही, चल, म्हणायचीस. स्केटिंगला तेच म्हणालीस, पोहायला तेच म्हणालीस. मला साडीचा राग नाही गं. मला एकदा तरी, ते आपलं नाही, हे न ऐकता काहीतरी निवडायचंय.”

आक्का, मालनचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. तिला राग आलेला नव्हता. ती खाली वाकली, ओढणी उचलली, झटकली, आणि मला वाटलं आता निघायचं. मी चपला शोधायला लागलो. तर तिनं ती ओढणी पुन्हा अंथरली, आधीपेक्षा नीट, चारी कोपरे ओढून, आणि कल्पिताला म्हणाली, “दुसरा काढा. सगळे काढा. ज्यात माझी मुलगी गुडघे टेकून सरळ उठेल तो घेऊ.”

त्यानंतर दुकानाचा ताबा मालनकडे गेला. सरळसोट अभ्र्यात चेतना खाली गेली, पण वर येईना. डालग्यात उलट झालं, ती बसली तरी झगा उभाच राहिला, आणि पोरगी त्यात गळ्यापर्यंत बुडाली. मालन बाजूला उभी राहून बस, वाक, ऊठ, पुन्हा, असं सांगत होती. (समता सैनिक दलाची कवायत घेणारे आपले काका आठवले.) तिथे दुसरी एक नवरी तिच्या मम्मीबरोबर आली होती, वसईकडची, चर्चमध्ये लग्न असलेली. ती जलपरी घालून आरशापुढे फोटो काढून घेत होती आणि पैसे भरायच्याच बेतात होती. आमची कवायत बघून तिची मम्मी हळूच तिला म्हणाली की अगं, आपल्यालाही फादरसमोर गुडघे टेकायचे असतात. ती मुलगी हसली, आणि मग तिचं हसू थांबलं. मालननं चेतनाला बाजूला घेऊन ओढणीवर तिला जागा करून दिली. पुढच्या क्षणी तीही कलंडलेली. दोन्ही आयांनी मिळून तिला उचललं. कल्पिता बिचारी केसांतली पेन्सिल शोधत राहिली, ती तिच्या हातातच होती.

शेवटी जमलं ते उपड्या नरसाळ्यात. ए-लाइन, लांब बाह्या, पाठ झाकलेली, आणि घेर असा की चेतना गुडघ्यावर बसली की भोवती पांढरं वर्तुळ पडतं आणि उठली की आपोआप मिटतं. तिनं पंचांग प्रणाम केला, कपाळ फरशीला टेकलं, आणि कोणाचा हात न धरता उठून उभी राहिली. वसईच्या मम्मीनं टाळ्या वाजवल्या. मालननं फक्त मान हलवली आणि आरशात चेतनाच्या मागे उभं राहून तिची वेणी सरळ केली. त्याच आकाराचा दुसरा झगा वसईच्या मुलीनंही घेतला.

मग उरल्या विहीणबाई. सम्यकची आई सुलक्षणाताई जोगेश्वरीला राहतात, शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजून त्यातून निवृत्त झालेल्या नाहीत. झग्याची बातमी मी प्रत्यक्ष जाऊन द्यावी असं दोघी मायलेकींनी ठरवलं. (माझं मत कोणी विचारलं नाही.) रिक्षात मी भाषण पाठ केलं, त्यात समता होती, काळाप्रमाणे बदल होता, पांढऱ्या रंगाचं महत्त्व तर दोनदा होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं की त्यात वंदना घेता येते का. मी येते म्हणालो. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून सम्यकला हाक मारली. तो बाहेर आला तो लग्नाच्या पांढऱ्या पँटमध्ये, शिंप्याकडून नुकतीच आलेली, इतकी घट्ट की तो दारातून चालत न येता सरकत आला. सुलक्षणाताईंनी बोटानं सतरंजी दाखवली. होणारा जावई माझ्यासमोर गुडघे टेकायला गेला आणि निम्म्यावर येऊन थांबला, तिथून त्याला ना पुढे जाता येई ना मागे. मी उठून त्याच्या काखांत हात घालून त्याला सरळ केलं. मुलीकडच्यांनी नवरदेवाला उचलायची चाल आपल्यात आहे का ते माहीत नाही, पण मी उचललाय. पँट सैल करायला परत गेली आहे.

झगा काल घरी आला. कपाटात मावत नाही म्हणून पंख्याच्या हुकाला टांगलाय, त्यामुळे पंखा बंद आणि आम्ही तिघं भिंतीला चिकटून घाम पुसत बसतो. शेजारच्या बायका बघायला येतात तेव्हा मालन त्यांना सिल्हूट समजावून सांगते. दादरहून आणलेली साडी ती स्वतः नेसणार आहे. काल नेसून बघत होती, चेतना निऱ्या धरायला बसली होती. मी गॅलरीत गेलो. डोळ्यांत धूळ फार जाते हल्ली, रस्त्याचं काम चालू आहे.

तुम्ही सगळे आठवडाभर आधी या. दोन खोल्या आहेत, पण शेजारच्यांनी त्यांची एक देऊ केली आहे. डोळ्याचा काळा चष्मा विसरू नकोस. लेकरांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
अंबादास

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पुरुषांचे कपडे मिळतात. मालन आणि चेतना खाली बाह्यांचं माप देत होत्या तेव्हा मी नुसता बघायला वर गेलो. आक्का, एक बंद गळ्याचा कोट आहे. मोरपंखी मखमल, चांदीसारखी बटणं. म्हणजे आहे काय, घेतला आहे. सध्या तो माझ्या जुन्या कारखान्याच्या डब्याच्या पिशवीत आहे. मुलीच्या बापानं एवढं नटायचं नसतं असं मीच सुलक्षणाताईंसमोर बोलून आलोय. तरी तू एवढं कर. फोन कर, स्पीकर असेलच, आणि मोठी बहीण म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग की लग्नात भावानं मोरपंखी कोटच घालावा अशी तुझी फार दिवसांची इच्छा आहे. रंगाचं नाव नीट घे. निळा म्हणू नकोस, मालन घरातला जुना निळा काढून देईल.

ता. क. दुसरा. कोट आधी पोटावर ओढायचा, आता श्वास न रोखताही बसतो, मी बारीक झालोय बहुतेक.

ता. क. तिसरा, मालनकडून. आक्का, जयभीम. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. कोट मी त्याच दिवशी पाहिला, ती पिशवी धुवायला मीच घेते. कल्पिताकडे पाठवून पोटावर सैल करून आणला आणि होता तसा पिशवीत ठेवला, ह्यांना अजून कळलं नाही, आपण बारीक झालो असं वाटतंय. फार छान दिसतात त्यात. तुम्ही फोन नक्की करा आणि आग्रह धरा. मी थोडा विरोध करीन, तो मनावर घेऊ नका.