वारेचे वाटे

राजापेठ, अमरावती
८ जानेवारी २०२४

ती. दुर्गाताईस प्रियाचा सा. न. वि. वि.

तू माझ्या वेण्या घालायचीस ते आठवतं का गं? माझं डोकं गुडघ्यांत आवळून, रिबिनीचं एक टोक दातात धरून. मी कॉन्व्हेंटची सकाळची प्रार्थना घोकत असायचे आणि मान जरा हलली की तू वेणीला हिसका द्यायचीस. एका घरातल्या चुलत बहिणी आपण. मी सिस्टरांच्या शाळेत, तू नगरपालिकेच्या, आणि ती इंग्रजी प्रार्थना माझ्याआधी तुलाच पाठ झाली. परवा तू फोन ठेवलास तेव्हा मला नेमका तो हिसका आठवला.

म्हणून पत्र. पत्र मधेच ठेवून देता येत नाही.

विषय तोच. तुझ्या सुनेला, हर्षाला, आठवा लागला आहे. तिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण अकोल्यात तुझ्याकडे. आणि माझ्या रागिणीला हर्षाची वार, ती बाळामागून पडते ती, हवी आहे. हे वाक्य लिहिताना माझं मलाच कसंतरी झालं. लोकांच्या मुली मावशीकडे लोणचं मागतात. माझी मुलगी मेंदूची शास्त्रज्ञ झाली, तेव्हापासून आमच्याकडे पानावर बसल्यावरसुद्धा वारेच्याच गोष्टी. मागच्या दिवाळीत तिच्या बाबांनी अनरसा तसाच ताटात ठेवला.

तरी तिचं म्हणणं मला समजलं तसं सांगते. कधी कधी बाळंतपणाआधीच वारेत दाह सुरू होतो, आणि आईला थोडी कणकण येण्यापलीकडे काही कळत नाही. तो दाह बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात, त्या बिथरतात. घरात चोर शिरला म्हणून घाबरून आपणच भांडी फोडत सुटावं, तसं त्या करतात. अशी बाळं पुढे वेळेवर बसत नाहीत, बोलत नाहीत. हे आधी ओळखता आणि थांबवता यावं, म्हणून ती नागपूरला आपल्या भागातल्या बाळंतिणींच्या वारा तपासते. हर्षाने हो म्हटलं आहे. तू मात्र नाही म्हणालीस आणि फोन आपटलास.

निदान कारण तरी सांग. राग ओसरला की पूर्वीइतकीच माया असू दे.

तुझी,
प्रिया

•

अकोला
१३ जानेवारी २०२४

चि. प्रियाले दुर्गाचे आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. मी बोलतो तशीच लिहितो, तू शुद्ध करून वाच.

वार देनार नाई. रागिनीले उंदरं कमी पडले काय? मागच्या साली म्हने उंदराच्या पिल्लाईच्या मेंदूले सूज आनून पाहून रायली होती. आता घरच्या लेकराईवर आली. अन् तू तिची वकिली करून रायली. तुह्या सिस्टराईनं हेच शिकवलं काय तुले?

कारन पायजे ना, मंग आयक. आमच्या घरच्या हरएक लेकराची वार पातूरच्या शेतात पुरली हाये, विहिरीच्या अंगानं, हळद-मीठ लावून. वरतून शेवंती लावतो. माह्या नितेशची, हर्षाच्या नवऱ्याची, तिथंच हाये, त्याच्या बापाची बी तिथंच. निस्ती एकाची तिथं नाई. माह्या मनोजची.

तू तर सारं पाह्यलं. मनोज झाला तवा रडला नाई. दवाखान्यात धावपळ, सारे त्याच्या मांगं. वार कोनी उचलली, कुठं फेकली, कोनाले पत्ता नाई. तवापासून आमच्या सासूबाई, मानिकबाई, म्हनत आल्या का मी वार सांभाळली नाई म्हनून पोरगं असं झालं. ना चाललं, ना बोललं, अकराव्या वर्षी गेलं. चाळीस वर्स होत आले त्या गोष्टीले. बाई नव्वदीची झाली, कानानं आयकू येत नाई, जेवली का नाई ते इसरते. हे बोलनं मात्र इसरत नाई.

आता नितेशच्या लेकराची वार डब्यात भरून नागपूरले धाडू काय? उद्या काही कमीजास्त झालं तर मी कोनाले तोंड दाखवू?

तुरीचे सोले पाठवून रायलो एसटीच्या पार्सलनं. रागिनी घरी आली असंल तर तिले बी दे. तिच्यावर राग हाये, तिच्या पोटावर नाई.

तुही,
दुर्गा

•

राजापेठ, अमरावती
१९ जानेवारी २०२४

ती. दुर्गाताईस सा. न. वि. वि.

सोल्यांची आमटी केली. रागिणी आली होती, तिने दोन वाट्या खाल्ल्या. मग मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. आणि या मुलीने काय विचारावं? मनोजच्या वेळी मावशीला आधी ताप आला होता का, आणि पाणी किती आधी गेलं होतं. माझ्या हातात पळी होती, ती तिच्या डोक्यात घालायची राहिली एवढंच.

नंतर भांडी विसळताना तिने सांगितलं की ती या विषयाकडे वळली तीच मनोजमुळे. सुट्टीत तुझ्याकडे यायची तेव्हा त्याला वरणभात भरवायची, आणि त्याला घास गिळायला इतका वेळ का लागतो हे तिला कुणी धड सांगत नसे. इतक्या वर्षांत हे तिने मला, तिच्या आईला, एकदाही सांगितलं नव्हतं. का, तर म्हणे मी कधी विचारलं नाही.

मी तिला विनवलं की मावशीला फक्त इतकं लिही, तुझी चूक नव्हती. नाही लिहिणार म्हणाली. मनोजला नक्की काय झालं ते तिला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं ती लिहीत नाही. ती वार कुणी पाहिलीच नाही, म्हणून ते आता कधीच कळणार नाही. मी इतकी चिडले, ताई, की उठून गच्चीवर गेले.

ती मागोमाग आली आणि एक गोष्ट बोलली. मनोज जन्मला तेव्हाच रडला नव्हता. वार त्यानंतर पडली, आणि हरवली ती त्याच्याही नंतर. मग नंतर हरवलेल्या वारेमुळे आधीच न रडलेलं बाळ तसं कसं होईल? माणिकबाई चाळीस वर्षं बोलत आल्या, तू ऐकत आलीस, मी दर वेळी तुझे डोळे पुसले, आणि एवढी साधी गोष्ट आपल्या दोघींच्याही डोक्यात आली नाही.

आणखी ऐक आणि माझ्यासारखीच कपाळाला हात लाव. तिला अख्खी वार नकोच आहे! हळद-मीठ लावण्याआधी काढलेला सुपारीएवढा तुकडा पुरतो. बाकीची तुम्ही खुशाल पातूरला न्या. हे आधी का बोलली नाही विचारलं, तर तिला वाटलं सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्याकडे तुकड्याला नुसता नंबर असतो, नाव नसतं, त्यामुळे तिच्याकडून घरच्यांना काही कळत नाही. मात्र दुसरा तुकडा दवाखान्याच्या तपासणीला दिला, तर त्याचा अहवाल हर्षाला मिळू शकतो.

देणं न देणं हर्षावर आणि तुझ्यावर. पण एक माझ्यासाठी कर. हर्षाला ताप आला किंवा पाणी गेलं, तर वार-तिथी बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

या चिडखोर बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
प्रिया

•

अकोला
१२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रियाले आशीर्वाद.

फोनवर तुले निस्तं पोरगी झाली एवढंच सांगतलं. बाकीचं मानसाईच्या समोर बोलता आलं नाई, म्हनून दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहून रायलो.

दिवस भराचे होते, अन् सांजच्याले हर्षाले कनकन आली अन् पानी गेलं. सासूबाई म्हने अवस होऊन जाऊ द्या, मंग न्या. म्या तुह्यं पत्र ध्यानात धरलं, कोनाचं आयकलं नाई, गाडीत घातलं तिले. पोरगी झाली अन् रडली नाई. प्रिया, तो न रडन्याचा आवाज मले ओळखू आला. डॉक्टराईनं लय मेहनत केली, मंग बारीक कुई कुई केलं तिनं. काचेच्या पेटीत ठेवली. पयल्या दिवशी झटके आले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईनं हट्टच धरला, पनती पाहाची म्हनून. आनलं त्याईले. पेटीजवळ कोनी जाऊ देईना, तर हर्षाच्या खाटेपाशी बसल्या अन् सुरू झाल्या. म्हने ही तेल्हाऱ्याले भावाच्या लग्नात नाचाले गेली, नाई म्हनलं तरी गेली, म्हनून लेकरू असं झालं. बहिऱ्या मानसाचं बोलनं, साऱ्या वार्डानं आयकलं. हर्षानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तसंच म्या फिरवलं होतं.

वार तवा दवाखान्याच्या थंड्या पेटीतच होती. नितेश हळद-मिठाची पुडी घेऊन दारात उभा, पातूरले निघाच्या तयारीत. म्या त्याचा हात धरला. हर्षाले पुन्हा इचारलं, तिनं मान हालवली, कागदावर सही केली. मंग रागिनीले बोलावलं.

अन् तुही लेक आली, बाप्पा! ना मले धीर, ना हर्षाले. हातमोजे घातले अन् बाजारात वांगे निवडावे तशी वार उलटून पालटून पाहाले लागली. मी म्हनलं काय दिसते सांग, तर म्हने नुसत्या डोळ्यानं सांगता येत नाई. पोरगी पुढं चालंल-बोलंल काय, तर म्हने आताच सांगता येत नाई. एवढी शिकली अन् काहीच सांगता येत नाई! पन रातभर काचेपाशी उभी होती, खुर्ची देल्ली तरी बसली नाई.

झटके थांबले हायेत. आज पोरीनं जरासं दूध ओढलं. जरासंच.

माह्या बोलन्याचा राग धरू नको, मीही तुह्या बोलन्याचा धरला नाई. आता नीट आयक, कारन मी इथून हालनार नाई अन् पुढचं तुले पाहा लागते.

एक तुकडा रागिनीनं नागपूरले नेला, तो तिचा. त्याचं काय निघालं ते आमी इचारनार नाई. दुसरा इथल्या तपासनीले देल्ला. बाकीची वार नितेशनं पातूरले नेली, विहिरीपाशी.

तपासनीचा कागद इंग्रजीत येईन. तो तुह्याकडे पाठवतो. तू त्याचं मराठी कर, साध्या भाषेत, अन् तीन प्रती काढ. एक मले. एक सासूबाईले, त्याईच्या नावानं. त्याईले वाचता येत नाई, आयकू येत नाई, पन मी कानाशी बसून जोरानं वाचीन. त्यात काही सापडलं नाई तर ते बी वाचीन, अन् वार आधी का पोरगं आधी, हे बी त्याईले इचारीन.

पन ह्या दोन्ही मांगून पाठव. पयली प्रत हर्षाले. नितेशच्या हाती देऊ नको, माह्या हाती बी नाई. तू सोता अकोल्याले ये अन् तिच्या हातात दे.

तुही,
दुर्गा