चामड्याच्या चकतीला तेल

लातूर, वैशाख, मंगळवार

सुमे, चष्मा कपाळावर हाय अन् घरभर शोधायलीस! बस, ही तुझी आजी सांगते तशी माझी रोजनिशी लिही.

आज तुझे आजोबा साहेब लोकांच्या क्लबातलं काम सोडून उदगीरला लेकीकडं गेले. म्हणाले, "चामड्यातलं मला आता कळत न्हाई." बिलियर्डच्या काठीच्या टोकाला टिकलीएवढी चकती लावायची, चामडं नखानं दाबून निवडायचं, कानशीनं घासून खरबरीत ठेवायचं. जन्मभर हेच केलं त्यांनी.

लातूर जिल्हा झाला, नवे साहेब आले, म्हणून त्यांनी क्लबातल्या काठ्या दुरुस्तीला घरी आणल्या. या दुष्काळात विहिरीवरच्या मोटेचं चामडं तडकलं, तशा चकत्याही तडकतील असं वाटलं मला. गुपचूप करडीचं तेल चोळलं. लई शहाणी मी! काठी घसरू नये म्हणून लावतात तो खडू तेलकट चकतीवर बसेना, साहेबांची काठी चेंडूवरून घसरली, सगळे हसले. आजोबांना वाटलं, आपणच चामडं चुकीचं निवडलं.

तेल मी लावलं, एवढंच म्हणायचं होतं. एरवी माझं तोंड मिटत न्हाई, अन् तेव्हाच कसं मिटलं?

उद्याच्या गाडीनं त्यांना भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी पाठव. चटणीवर करडीचं तेल सोड, अन् डब्याखाली हे पान ठेव.