विंड टनेल चालू करून दाखवा

सर,

काल तुमची नात घरी येऊन गेली. रविवार होता, मी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते, आणि अम्मीनं दार उघडून तिथूनच हाक मारली, "सर के जैसाच चेहरा है, कौन आई देख." खरंच तुमचाच चेहरा. भुवया तर जशाच्या तशा, जणू समोरच्यानं उत्तर चुकवायच्या आधीच वर गेलेल्या. तुम्ही रिटायर झाल्यावर राहायला गेलात त्या सिल्लोडहून बसनं एकटी आली होती. बसवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं, अम्मी अजून औरंगाबाद म्हणते, आणि मी समोर कोण आहे ते बघून ठरवते. पोरीनं येताना पेढे आणले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे पेढे धड गोड लागायचे नाहीत.

ती येणार हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तुमच्या मुलाचा फोन आला होता. पोरगी मेकॅनिकलची इंजिनिअर झालीय, गेटच्या परीक्षेत चांगले मार्क पडलेत, आणि तिला एमटेकला सीट मिळालीय, अंतराळ अभियांत्रिकीला. कुठं, तर मी जिथं शिकले त्याच कॉलेजात, दक्षिणेत. इकडं वाळूजच्या एका कंपनीनं कॉलेजातूनच नोकरीही देऊ केलीय. सीट घ्यायची की सोडायची हे रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. "ताई, तुम्हीच समजवा तिला," तुमचा मुलगा म्हणाला. "माझं ऐकत नाय. तुम्ही तर स्वतः भोगलंय." भोगलंय म्हणाला, सर. वाईट हेतूनं नाही, बाप म्हणून बोलला. पण फोन ठेवल्यावर तोच शब्द डोक्यात फिरत राहिला. तुमच्या घरात माझं उदाहरण कधीचं चालत आलंय. तुम्ही सांगायचात की तिच्यासारखं व्हा, आता तुमचा मुलगा सांगतो की तिच्यासारखं होऊ नका.

तुम्हाला आठवतं का कुणास ठाऊक, आपली पहिली गाठ शाळेत पडलीच नव्हती. अब्बाच्या गादीच्या दुकानात पडली होती. थंडीच्या तोंडावर तुम्ही घरच्या गाद्या पिंजायला घेऊन आला होता. पिंजायचं मशीन घरघरतंय, दुकानभर कापूस उडतोय, पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत आलीय, आणि मी पोत्यावर बसून त्या तिरिपेत बघतेय. मशीनच्या वाऱ्यानं कापसाचे बारीक तंतू सरळ चाललेले असायचे. मधल्या लाकडी खांबापाशी आले की दोन्हीकडून वळसा घालायचे आणि खांबाच्या पाठीमागं गरागरा फिरून उलटे यायचे. "काय बघायलीस गं?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं की कापूस खांबाच्या मागं जाऊन परत येतो. "कुणी सांगितलं, का पाहिलंस?" मी म्हटलं, पाहिलंय. तुम्ही गाद्या विसरलात आणि माझ्या शेजारी पोत्यावर बसलात. अब्बा मशीन बंद करून तुमच्याकडं बघत राहिला तर तुम्ही त्याच्यावरच डाफरलात, "अहो, बंद कशाला केलं?"

पुढं अकरावीत तुमच्या वर्गात आले तेव्हा समजलं की हा तुमचा कायदाच होता. फिजिक्सचं कुठलंही उत्तर देताना आधी सांगायचं, पाहिलंय का ऐकलंय. पुस्तकात वाचलेलं म्हणजे ऐकलेलं. ऐकलेल्याला अर्धेच मार्क. पोरं तुमची नक्कल करायची, माझीही करायची, कारण मी तर घरीसुद्धा तसंच बोलायला लागले होते. अम्मीनं विचारलं दूध उतू गेलं का, तर मी म्हणायची, ऐकलंय, पाहिलं नाही. त्यापायी एकदा लाटणं खाल्लंय मी.

मग मी इंजिनिअर झाले. चांगली नोकरी हातात आलेली. अब्बा त्यावर खूश होता, मीही होते. आणि तुम्ही दुकानात येऊन बसलात. "पुढं शीक. अन् शिकायचं तर हवेचं शीक, विमानाचं, रॉकेटचं. लहानपणापासून तेच बघायलीस की तू." अम्मीला एवढंच कळलं की विमान. ती म्हणाली, विमानतळ चिकलठाण्याला आहेच, घरापासून रिक्षानं जाता येईल. अब्बानं मशीनचा पट्टा चढवता चढवता विषय मिटवला, "सर बोल रहे तो सोचकेच बोल रहे हुंगे." मला कधी कधी वाटतं, त्या घरात तुमच्यावर कुणीतरी एकानं तरी शंका घ्यायला हवी होती.

कॉलेज बघायला तुम्हीच सोबत आलात, कारण कापूस नाकातोंडात जाऊन अब्बाला तेव्हा दम लागायला लागला होता. रेल्वेत तुमच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि एक चाकू. तिथं ऑफिसात पालकांची ही गर्दी. जो तो विचारतोय, नोकरी कुठं लागते, पोरं कुठं कुठं लागलीत. तुम्ही त्या रांगेत उभेच राहिला नाहीत. थेट प्रयोगशाळेत गेलात. तिथं तो विंड टनेल होता, ती खोलीएवढी लांब पेटी, जिच्यात मोठ्या पंख्यानं वारा ओढून आत बसवलेला विमानाचा पंख तपासतात. तुम्ही तिथल्या माणसाला तुमच्या हिंदीत म्हणालात, "भाई, चालू करके दिखाव." तो म्हणाला, सुट्टी आहे, परवानगी लागते. तुम्ही स्टूल ओढून बसलात. प्राध्यापक आले, त्यांनी तुमच्याकडं बघितलं, आणि शेवटी चालू करून दाखवला. तुम्ही त्या वाऱ्यात हात धरून उभे राहिलात, पांढरा शर्ट फुगलेला, तोंडावर हसू. बाहेर येताना म्हणालात, "इथंच घे."

बस्स, एवढी चौकशी केली आपण दोघांनी. यंत्र चालतं का ते बघितलं आणि निघालो. शिकून बाहेर पडल्यावर माणूस चालतो का, हे विचारायचं ना तुम्हाला सुचलं, ना मला. गादी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आत कापूस कुठला आहे ते विचारतं हो. इतकी साधी चूक दुसऱ्या कुणी केली नसती. ती करायला तुमच्यासारखा मास्तर आणि माझ्यासारखी चेली लागते. मी तुमच्यावर चिडलेली आहे, सर. तुम्ही होता तोवर कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

पण तिथं शिकताना एक दिवस होता. आमच्या प्राध्यापक बाईंनी टनेलमधल्या पंखावर लोकरीचे बारीक धागे चिकटवले होते, ओळीनं, एक टोक मोकळं सोडून. वारा सुरू झाला तसे सगळे धागे मागं झोपले, विंचरल्यासारखे. मग पंखाचं नाक हळूहळू वर केलं. मागच्या कडेचे धागे थरथरायला लागले, मग उचलले गेले, आणि बघता बघता उलटे फिरून वाऱ्याच्या तोंडाकडं वळले. खांबाच्या पाठीमागं कापूस वळायचा तसेच. मी त्या काचेला नाक लावून मोठ्यानं हसले. बाईंनी इंग्रजीत विचारलं, याआधी बघितलंय का हे? आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, पाहिलंय. बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला. तुम्ही मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलंत. मग विचारलंत, "उलटे फिरले का?" मी म्हटलं, व्हय सर. "मग झालं," तुम्ही म्हणालात.

झालं कसलं! त्यानंतरच सगळं सुरू झालं. नोकरीची जाहिरात बघावी तर मेकॅनिकल पाहिजे, इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे, कॉम्प्युटर पाहिजे. म्हणजे मी दोन वर्षं घालून जे शिकले ते न शिकताच अर्ज करता आला असता. एका प्रकल्पावर कंत्राटी लागले, प्रकल्प संपला, आम्हीही संपलो. अब्बा अंथरुणाला खिळला म्हणून परत आले आणि चितेगावला कूलरचे पंखे बनवणाऱ्या कंपनीत चिकटले. तिथल्या अर्जात मी एमटेक लिहिलंच नाही, लिहिलं की लोक घाबरतात. एकदा मालकाला म्हटलं, पात्यांचा कोन जरा बदलू, वारा वाढेल, आवाज कमी होईल. त्यानं पंख्यासमोर तोंड धरलं आणि म्हणाला, "लागायलाय की वारा, मॅडम." तेव्हापासून मी पंखे मोजमापात बसतात का एवढंच बघते. तुम्हाला हे सांगायला आले होते तेव्हा तुम्ही आजारी होता. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पंखा बी हवेचंच काम आहे." सर, त्या वेळी तुम्ही फक्त वाईट झालं एवढं म्हणायला हवं होतं. त्यानंतर काही दिवसांत तुम्ही गेलात.

तर काल ती माझ्यासमोर बसली, चहाला हातही न लावता, आणि म्हणाली, "ताई, पाहिलेलं सांगा. ऐकलेलं नको." मला हसू आलं. तुमच्याच घरची पोरगी ती, दुसरं काय विचारणार! मग मी सांगितलं. जाहिराती सांगितल्या, कंत्राट सांगितलं. माझ्या वर्गातला एकजण अंतराळाचंच शिकायला परदेशात गेला, तिथं रॉकेटच्या कामाला त्यांचीच माणसं घेतात, हा आता गाड्यांच्या सीटचं काम करतो. हे सांगताना मी प्रामाणिकपणे म्हटलं, हे ऐकलेलं आहे. ती म्हणाली, आता दिवस बदललेत, रॉकेट बनवणाऱ्या खाजगी कंपन्या आल्यात. मी म्हटलं, अशा एका कंपनीत मी मुलाखत दिलीय, चांगली माणसं होती, त्यांना मोजकीच पोरं लागतात आणि तीही मोजक्याच कॉलेजांतली. हे पाहिलेलं आहे. तिच्या भुवया हळूहळू खाली आल्या. बोलताना माझा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच मला आता लाज वाटतेय. अम्मी दारात उभी राहून ऐकत होती, ती मधेच "बस कर ना अब" म्हणाली. मी थांबले नाही.

तिनं फोन हातात घेतला. सीट घ्यायची, सोडायची, दोन्ही बटणं तिथंच होती. तिनं अंगठा एकदा इकडं नेला, एकदा तिकडं. मग मान वर करून विचारलं, "ताई, दोन वर्षं तिथं राहिलात. चांगलं असं काहीच नाही पाहिलं?"

मी म्हटलं, "नाही."

तिनं मान हलवली आणि सीट सोडली. मग गार झालेला चहा पिऊन टाकला, अम्मीच्या पाया पडली, मला म्हणाली, "बरं झालं तुम्ही खरं सांगितलं, पप्पा तर नुसते रागावतात." मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. रस्त्यात तिनं वाळूजच्या कंपनीचा विषय काढला, तिथं ती गाड्यांच्या दरवाजांचे रबर तपासणार आहे. बसमध्ये बसल्यावर तिनं खिडकीतून हात केला, मीही केला. संध्याकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. लई उपकार झाले म्हणाला.

आज सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होते. पोरीचं भलं केलं, तिला फुफाट्यातून वाचवलं, बापाला झोप लागली. सगळं खरं आहे. ती गेली असती तर बहुतेक माझ्यासारखीच परत आली असती, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. तरी चितेगावपर्यंत काही मन लागेना. दुपारी तपासणीच्या टेबलावर एक पंखा चालू होता, त्याच्या जाळीला कुणीतरी लोकरीचा तुकडा बांधला होता, वारा येतो की नाही ते कळायला. तो तुकडा आडवा होऊन फडफडत होता. मी पंखा बंद करायला सांगितला.

ही चिठ्ठी मी कुठं टाकणार? तुमच्या पत्त्यावर टाकली तर तुमचा मुलगा फोडेल, आणि त्याच्या शेजारीच तुमची नात असेल. म्हणून ही इथंच राहील. तुम्हाला मात्र एक सांगायचं राहिलं. तिनं पाहिलेलं विचारलं होतं, सर, आणि मला ते धागे आठवले होते. सांगितले असते तर ती गेली असती.