चौकातला माझा फ्लेक्स

मंगळवार, संध्याकाळ

आज दुपारी सिग्नल लाल झाला, श्रावणीची स्कूटी नेमकी माझ्या फ्लेक्ससमोर थांबली आणि माझं सगळंच बदललं.

वाढदिवसाचा फ्लेक्स बाळ्यानं लावला, दोस्त म्हणून. भर चौकात मी आठ फूट उंच, डोळ्यांवर बाळ्याचाच गॉगल आणि खाली ‘भावी इंजिनिअर’! कॉलेज सोडून वर्ष झालं, मागच्या बोळात गॅरेजात काम करतो, हे बाळ्याला ठाऊक नाही का? श्रावणीला मात्र मी रोज चहाच्या गाड्यावर परीक्षेच्या थापा मारत होतो. का मारत होतो, देव जाणे.

आता तीच थाप भर चौकात टांगलेली! डोकंच फिरलं. शिडी लावली, दोऱ्या कापायला लागलो. अंगात ऑईलचे कपडे. तेवढ्यात खालून श्रावणीचा आवाज, “अरे, काढतोस कशाला? गॉगल शोभतोय की.”

वरूनच ओरडलो, “मी कॉलेज सोडलंय! गॅरेजात कामाला हाय!” सगळ्या चौकानं ऐकलं. सिग्नल हिरवा झाला, तरी ती हलेना. मागून रिक्षावाले काका, “ए पोरी, काय ते सांगून टाक की त्याला, आमाला पुढं जायचंय!”

ती हसली. गॉगलवाल्याकडे नाही, माझ्याकडे बघून. “माहितंय की. माझी स्कूटी तुझ्याच मालकांनी दुरुस्त केली, तेव्हाच कळलं. तू कधी सांगतोस, तेवढं बघत होते. सातला चहाला ये.”

तीनदा हात धुतले, नखांतलं काळं निघत नाही. राहू दे. तिच्यापासून आता लपवायचं काय? सात वाजत आले. दार ओढून घेतो, निघालोच.