घोंगडी दिल्लीला गेल्याचा खुलासा

पडेगाव, सोमवार

तीर्थस्वरूप त्रिंबकदाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे भिकनचा, नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून नमस्कार. (जास्त का, ते आत्ताच कळेल.)

इकडं सगळं ठीक. तुमचे गुडघे काय म्हणतात? अक्काचा खोकला? फोन असताना हा पत्र का लिहितो, असं तुम्ही तिला विचाराल. फोनवर सांगायची छाती झाली नाही. तेव्हा आधी बसून घ्या. पुण्याला जाताना, फ्लॅटात जागा नाही म्हणून, तुम्ही माझ्या हवाली केलेली तुमच्या आईची काळी घोंगडी सध्या दिल्लीत आहे. सरकारजमा आहे. पावती माझ्याकडं आहे.

झालं असं. आपलं सरकार म्हणे समुद्रापल्याडच्या एका देशाशी व्यापाराचा करार करतंय. त्या देशात माणसांपेक्षा मेंढरं जास्त. (निवडणुका मात्र माणसंच लढवतात म्हणे, कसं जमतं कोण जाणे.) करार झाला की तिकडची लोकर इकडं बिनकराची येणार. आधीच आपल्या लोकरीला कोणी विचारत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुष्काळात तेरावा महिना! तर सोसायटीच्या काकासाहेबानं पेपरातली नोटीस वाचून दाखवली की ज्यांचा संबंध आहे त्यांनी शहरातल्या अमक्या हॉटेलात येऊन आपलं म्हणणं मांडावं. दाजी, आपल्या तीन पिढ्यांत मेंढरांबद्दल कोणी आपलं म्हणणं विचारलेलं मला आठवत नाही. मी नवं धोतर नेसलो.

हॉटेलात कपाळ गोठेल इतकं गार. दिल्लीच्या एक तरुण बाई मुख्य होत्या, बाजूला सहा साहेब. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. (आपल्याकडं दोन मिनिटांत रामराम पण होत नाही.) सुरुवातीलाच एका साहेबांनी सांगितलं की कराराचा मसुदा गोपनीय आहे, तो दाखवता येणार नाही, तरी त्यावर मोकळेपणानं मत द्यावं. बिडकीनचे कारभारी उठले. त्यांच्या बारा म्हशी आहेत, दुधाच्या भुकटीच्या काळजीनं आले होते. म्हणाले, "साहेब, पोरगी दाखवायची नाय आन पसंती इचारायची, ही कुठली तऱ्हा?" लोक हसले. साहेबांनी हसणं वहीत लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

आता घोंगडी तिथं कशी, ते सांगतो. मला एवढंच कळलं होतं की दोन बाजूंचं काहीतरी ठरायचंय. आणि ठरायचं म्हटलं की आपल्याकडं आधी घोंगडी अंथरतात. तुम्हाला दौलताबाद रस्त्यावरच्या लिंबाखालची ती बैठक आठवते? चराईवरून दोन वाड्यांत काठ्या निघाल्या होत्या. तुमच्या आई, राजाबाई, घरातून हीच घोंगडी घेऊन आल्या, अंथरली, आणि म्हणाल्या, दोन्हीकडची माणसं एकाच घोंगडीवर बसा, वहाणा बाहेर, इथं बसून जो खोटं बोलेल त्याची मेंढरं त्यालाच लखलाभ. सकाळी बसलेले लोक दुपारी एका ताटात जेवून उठले. मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली राजाबाईंनी तिचं सूत कातलं, म्हणजे घोंगडी मला वर्षभरानं थोरली. आमच्या घरात तिच्याहून वडील आता कोणी नाही. तिला सोबत नेलं यात माझं काय चुकलं, ते सांगा.

माझी पाळी आली तेव्हा मी उठलो. खुर्च्यांच्या मधोमध घोंगडी अंथरली, वहाणा काढल्या, बसलो, आणि म्हणालो, "या बाईसाहेब, इथं बसा. मंग बोलू." एक साहेब शिपायाला शोधायला लागले. पण दाजी, त्या बाईंनी चपला काढल्या आणि खरंच येऊन बसल्या! मग काय, सहाही साहेबांना खाली उतरावं लागलं. एकेकाचे गुडघे वाजलेले शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आले. कारभारी पण येऊन बसले, आणि त्यांनीच विचारलं, "बाई, ह्या घोंगडीवर खोटं बोलत नायत. कागद लिहून झालाय का व्हायचाय?"

बाई बराच वेळ लोकरीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बहुतेक झालाय. सह्या तेवढ्या बाकी आहेत."

त्यावर कोणी आरडाओरडा केला नाही. खरं सांगितल्यावर माणसावर ओरडता येत नाही. बाईंनी मग माझं म्हणणं स्वतः लिहून घेतलं, दोन मिनिटं नाही, चांगली वीस. किती मेंढरं, कातरणी कधी, सूत कोण कातायचं, विणायचं कोण. मी तुमचं नाव सांगितलं. विणणारा पुण्यात नातू सांभाळतो, हे पण सांगितलं.

घोटाळा झाला तो उठताना. कारकुनानं घोंगडीची घडी घातली, चिठ्ठी लावली, "नमुना क्रमांक चार". म्हणण्यासोबत जी वस्तू मांडली ती फायलीसोबत जाणार, असा नियम. मी परोपरीनं सांगितलं की ही वस्तू नाही, बसायची जागा आहे. त्यानं पावती फाडली. बाई तोवर विमानाला गेल्या होत्या.

तर दाजी, अपराध पोटात घाला. अक्काला सांगताना बेतानं सांगा, सासूची आठवण आहे.

तुमचा, पावती सांभाळून बसलेला,
भिकन

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात दिल्लीचा कागद आला. म्हणणं लेखी मागं घेतल्यास नमुना परत मिळेल म्हणतात. मी पेन उचललं होतं, खोटं कशाला सांगू. मग ठेवलं. आपलं म्हणणं कोणी वाचो न वाचो, पण लोकरीचा वास तर लपत नाही. जो तिथलं फायलींचं कपाट उघडेल त्याला विचारावंच लागेल की हे कुणाचं. तरी घोंगडी तुमची. तुम्ही मागं घे म्हणालात तर घेईन.

आणखी एक. साहेबांपुढं मेंढरांसाठी एवढं बोललो, पण मेंढरं मी विकली आहेत. पोरगा शेंद्र्याला कंपनीत जातो, सुनेची ड्युटी, आणि माझ्यानं आता माळ चढवत नाही. बाईंना हे सांगायचं राहिलं. (घोंगडीवर बसून राहिलं, हे जास्त टोचतं.) ही शेवटची कातरणी उरकली की ती जाणार. माग माळ्यावरून खाली काढलाय, सुताला लावायच्या खळीसाठी चिंचोके आणलेत. अक्काला घेऊन या, सूत तिनं कातावं, घोंगडी तुम्ही विणावी. मेंढरं न्यायला माणूस दोनदा येऊन गेला. आमचे दाजी आल्याशिवाय कातर लावायची नाही, असं सांगून दोन्ही वेळा त्याला परत पाठवलाय.