क्वालालंपूरचे अकरा तास

३ नोव्हेंबर, सोमवार
आला! सव्वीस वर्षांनी स्वतःच्या पायांनी माझी पायरी चढला. सात रस्त्याच्या चौकात विमानतिकिटांची एवढी दुकानं, पण शिवयोगी अण्णा नेमका माझ्याच काउंटरला. मी हसून खुर्ची दिली, चहा मागवला. लेक दानेश्वरी मेलबर्नला, तिच्याकडं जायचंय.
"मानसिंग, लई लांब हाय की रे?"
म्हटलं, मुंबईहून सरळ रेघेत नऊ हजार आठशे किलोमीटर. थेट विमानानं साधारण बारा तास – हे मात्र गिळलं.

५ नोव्हेंबर
१९९९ चा मे. मी ह्याचा ड्रायव्हर. सकाळी निघतानाच करमाळ्याहून निरोप – माझे वडील अगदी शेवटच्या घटकेला. "भावाला मुंबईहून घेऊन येऊ, मग जा," अण्णा म्हणाला. भावाचं विमान लेट. मी तीनदा जाऊन विचारलं, तीनदा एकच – "थांब की." पार्किंगच्या उन्हात अकरा तास. करमाळ्याला पोचलो तर चुलता डोकं भादरून ओट्यावर बसलेला.

६ नोव्हेंबर
सापडलं! क्वालालंपूरमार्गे, एकूण चोवीस तास. मधला थांबा अकरा तास दहा मिनिटं. दहा मिनिटं माझ्याकडनं!
पहाटे पाचला उतरणार. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय हा माणूस पाण्याचा घोट घेत नाही. प्रवासात त्याच्यासाठी नळ शोधत पाच वर्षं गाडी थांबवलीय मी. आता शोध म्हणावं, परक्या मुलखात, उपाशीपोटी.

७ नोव्हेंबर
तिकीट काढलं. दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

९ नोव्हेंबर
अण्णा कागद न्यायला आला. बोट ठेवून एकेक वेळ वाचली. माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात दानेश्वरीचा फोन. लगेच कानडी सुरू – करमाळ्याच्या माणसाला काय कळणार! पाच वर्षं मागच्या सीटवरचं कानडीच तर ऐकलंय. मी उगाच स्टेपलर शोधत बसलो.
पोरगी तावातावानं, फोनबाहेर ऐकू येईल एवढ्यानं सांगत होती – थेट विमान आहे, त्या माणसानं तुम्हाला फसवलंय, आत्ताच्या आत्ता बदलून घ्या.
म्हातारा हळूच म्हणाला, "थेट विमान आहे हे मला त्याच्याकडं जायच्या आधीच ठाऊक होतं, बाळा. त्याचा बाप जात होता आणि मी त्याला अकरा तास बसवून ठेवलं. आता मला बसू दे."
फोन ठेवून माझ्याशी मराठीत – "येतो मानसिंग. बरं काढलंस तिकीट."
स्टेपलर हातातच होता.

१० नोव्हेंबर
माझंही तिकीट काढलं. त्याच विमानाचं, क्वालालंपूरपर्यंत. अण्णांना सांगितलेलं नाही. आंघोळीची जागा मीच शोधून देईन. सवय आहे.